चिम्वालाच्या हद्दीतली घरं

"दाब गं बाई एकदाचं ते बटण! जीव नुसता टांगणीला लागलाय!" गावप्रमुख नांखोमाआजी ओरडल्या, आणि आंब्याखाली जमलेल्या अख्ख्या चिम्वाला गावानं त्यांचीच री ओढली.

एनिफानं लॅपटॉप मांडीवर सरळ केला. ती पाणी खात्यात नकाशांचं काम करायची. शेजारशेजारची दोन गावं आणि बोअरवेल एकच. ज्याच्या हद्दीत घरं जास्त, त्याला ती मिळणार. पडद्यावर प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. गावाची हद्द निवडून बटण दाबलं, की आतले ठिपके राहणार, बाहेरचे गायब. तिनं दाबलं. ओढ्यापलीकडचे सगळे ठिपके फटकन उडाले!

"अगं आई गं, माझं घर गेलं!" पलीकडची लोनेसी किंचाळली. "कालच तर छप्पर शाकारलंय मेलं!"

हशा पिकला, पण एनिफा हद्दीची रेघ निरखू लागली. जुन्या नकाशात हद्द ओढ्यावरून काढली होती. ओढ्याला काय कळतंय कोण कुणाचं? इथं माणूस ज्या गावच्या दफनभूमीत जायचा, त्या गावचा. शेजारच्या म्सिपाच्या प्रमुखालाही हे मान्य होतं. मग काय, वरातच निघाली! फोन घेऊन एनिफा पुढे, काठी टेकत आजी मागे, आणि पलीकडच्या दारोदारी एकच प्रश्न.

"मेल्यावर कुठं जाणार?"

"तुमच्याकडंच की, आणखी कुठं!"

की लगेच टाळ्या. मरणाची चौकशी इतक्या आनंदात कुणी केली नसेल.

शेवटचं घर एनिफाच्या आईचं.

"आई, चिम्वाला म्हण फक्त," एनिफा हळूच म्हणाली. "एकेक घर मोलाचं आहे गं."

"म्हणेल की!" आजी म्हणाल्या. "जन्म गेला तिचा आमच्यात."

आईनं ओले हात पुसले. "जन्म तुमच्यातच गेला, आजी. पण जायचं मला म्सिपालाच, माझ्या माहेरी. खोटं नाही सांगायची मी."

एनिफाला रागही आला आणि रडूही. तरी तिनं नवी रेघ आईच्या घराला वळसा घालूनच काढली. आंब्याखाली परतल्यावर तिनं डोळे मिटून बटण दाबलं.

चिम्वाला पुढे! जेमतेम, पण पुढे!

"बोअर आपली गं!" लोनेसीनं आरोळी ठोकली. बायकांनी कमरेचं कापड खोचून फेर धरला, आणि आजींनी काठी भिरकावूनच दिली.

आई मात्र वाकून पडद्याकडे बघत होती. "माझं घर कुठंय यात?"

"नाही दिसत, आई. गळलं."

"आणि म्सिपा दाबलंस तर?"

एनिफानं म्सिपाची हद्द निवडली. कडेला, अगदी रेघेला चिकटून, आईचा ठिपका उगवला.

"हां," आई म्हणाली. तिनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि हलकेच सरकवत म्सिपाच्या दफनभूमीतल्या हिरव्या झाडीपर्यंत नेलं. "आणि इथं निजलेत तुझे दोघे भाऊ. जवळच आहे की."