वीस मिनिटांचा राजमा

माझा नवरा स्वयंपाक करतो ही बातमी आमच्या इमारतीत माझ्या दोन्ही बाळंतपणांपेक्षा जोरात पसरली. खालच्या मजल्यावरच्या स्ताम्नाकाकूंनी मला जिन्यात अडवलं. "रुमेना, देवमाणूस मिळालाय तुला. जप त्याला." अकरा वर्षं मी कामावरून येऊन अंगातला कोटही न काढता शेगडीपाशी उभी राहत होते. तेव्हा ल्युबेनला कोणी जिन्यात अडवल्याचं मला आठवत नाही. बल्गेरियात पुरुषाने कांदा सोलला तर बघायला माणसं जमतात. बाईने रडत रडत सोलला तरी कोणी मान वर करत नाही.

झालं असं की, मी आहे रेल्वेच्या नियंत्रण कक्षात. कुठली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, कुठली अडवायची, कुठली सोडायची, हे आमचं काम. वसंतात आमच्या दुपारच्या पाळीच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. दुपारी बारा ते रात्री आठ. मला ती जागा हवी होती. ज्यांना मी काम शिकवलं ते माझ्या डोक्यावर साहेब होऊन बसले होते, आणि मला त्याचा मनापासून वीट आला होता.

"महिनाभर करून दाखव," आमचे वरिष्ठ गोचेव साहेब म्हणाले. "पण घरून फोन आला आणि तू पर्स उचलून पळालीस, असं एकदा जरी झालं तरी जागा दुसऱ्याला. बायकांचं मला चांगलं माहीत आहे." गोचेव साहेबांना बायकांचं काय माहीत आहे ते त्यांच्या दोन्ही माजी बायका सांगतील.

घरी हा विषय निघाला तो सेंट जॉर्जच्या सणाला, सासूबाईंच्या अंगणात, भाजलेल्या कोकराभोवती. माझ्या सासूबाई पेना गावाकडे एकट्या राहतात आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर त्यांचं मत तयार असतं. "संध्याकाळी आई घरात नसेल तर ते घर नव्हे, धर्मशाळा," त्या म्हणाल्या. "लेकरांना जेवायला कोण घालणार?"

ल्युबेनच्या पोटात तोवर राकिया दारूचे दोन पेले गेले होते. "मी घालीन," तो म्हणाला. "त्यात काय एवढं? वीस मिनिटांचं काम. उगाच बाऊ करून ठेवलाय तुम्ही बायकांनी."

सासूबाईंचा काटा हवेतच थांबला. मांजराने धुणं धुवायला घेतलं तर बघावं तसं त्या लेकाकडे बघत राहिल्या. पण शब्द चारचौघांत गेला होता. काका, मावश्या, शेजारी, सगळ्यांनी ऐकला होता. मी लगेच पेला उचलला आणि म्हणाले, "ठरलं तर मग."

पहिल्या दिवशी मी पाळी संपवून घरी आले तेव्हा आमची मुलं कालिना आणि बोयान जेवून टीव्हीसमोर बसले होते. शेगडीवर पातेलं, पातेल्यात राजम्याचं सूप, आणि पातेल्याशेजारी ल्युबेन, खांद्यावर पंचा टाकून, फोटो काढायला उभा राहावा तसा.

"राजमा केलास?"

"वीस मिनिटांत."

राजमा आदल्या रात्री भिजत घालावा लागतो. पहिलं पाणी फेकावं लागतं. मग तो दोन तास रटरटतो आणि तरी कधी कधी मनासारखा शिजत नाही. शिवाय आमच्या घरात राजम्याचा एक दाणा नव्हता. मी दोन वाट्या जेवले. सुपात सासूबाईंच्या विहिरीजवळच्या कुंपणाला लागून येणारा पुदिना होता. तो वास मी लग्नापासून ओळखते, आणि ती विहीर आमच्या चौथ्या मजल्यावर नाही.

मी काहीच बोलले नाही. तो माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलत होता, त्याची किळसच आली मला, पण जागा मला हवी होती आणि मुलांची पोटं भरत होती. दुसऱ्या दिवशी भरलेल्या मिरच्या. तिसऱ्या दिवशी कोबी आणि डुकराचं मटण, दिवसभर मंद आचेवर ठेवल्याशिवाय तसं होतच नाही. "वीस मिनिटं," ल्युबेन म्हणायचा. हळूहळू त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसायला लागला, आणि हे मला त्या खोटेपणापेक्षा भयंकर वाटलं.

चोरी पकडून दिली ती त्याच्या चांगल्या वळणाने. आमच्या देशात प्रत्येकाची आई गावाहून बरण्या भरून पाठवते. लोणची, मुरंबे, भाजलेल्या मिरच्या, जे असेल ते. तुम्ही कर्ज बुडवा, बायको सोडा, आईची बरणी मात्र धुऊन परत करायचीच. मुलाने आईला फोन करून "बरणी धुऊन ठेवलीय" म्हटलं की त्याचा अर्थ एकच असतो: भरून पाठव. तर माझ्या नवऱ्याने पातेली बदलली, झाकणं लपवली, मुलांना डोळे वटारून गप्प केलं, आणि बरण्या मात्र घासून पुसून गच्चीत पंच्यावर उपड्या मांडून ठेवल्या. ओळीने. मला बायको म्हणून फसवताना त्याचा हात कापला नाही, पण आईची काच कचऱ्यात टाकायची त्याची छाती झाली नाही.

नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून समोरचा बसथांबा दिसतो. त्या बरण्या दिसल्या त्या संध्याकाळी मी मुद्दाम खिडकीशी गेले. गावाकडची बस आली. ड्रायव्हर मिन्चोने पोटातला कप्पा उघडला आणि ब्रीफकेसवाले, टायवाले, टक्कल पडलेले बाप्ये रांगेत उभे राहिले, आपापल्या आईच्या पिशवीसाठी. त्यांच्यात माझा ल्युबेन. नगरपालिकेत मोजणी अधिकारी. पिशवीत नाक खुपसून त्याने वास घेतला आणि मान डोलावली.

सासूबाईंचंही मला कळत होतं. सून संध्याकाळी घरात नसणं त्यांना पाप वाटत होतं. पण लेक चारचौघांत तोंडघशी पडणं हे त्याहून मोठं पाप. म्हणून ही बाई पहाटे उठून चूल पेटवत होती आणि माझ्या बढतीचा स्वयंपाक करत होती. मी मनात हसले, खोटं कशाला बोलू.

ल्युबेन एवढ्यावर थांबला असता तर मी सोडून दिलं असतं. पण कौतुक अंगात भिनलं. कालिनाच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर तो लिहायला लागला: "कामावरून थकून येणाऱ्या आईबाबांसाठी झटपट जेवण. आज: वीस मिनिटांत राजमा." खाली बदामाची चित्रं, टाळ्या. इल्कोच्या आईने लिहिलं, "माझ्या नवऱ्याला पण शिकवा हो." आणि दुसऱ्या दिवशी बिचारीने पुन्हा लिहिलं, "तासभर झाला, खडे आहेत नुसते. माझं काय चुकलं?"

"पाण्यावर अवलंबून असतं," माझ्या नवऱ्याने उत्तर दिलं. त्या बाईने बाटलीबंद पाणी आणून पुन्हा घातलं असणार. अशी माणसं असतात म्हणून असल्यांचं फावतं.

महिना संपत आला होता. शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी गोचेव साहेब स्वतः कक्षात येऊन माझ्यामागे खुर्ची टाकून बसले. मी कामात होते. सहज खिडकीकडे नजर गेली तर समोर मिन्चो ल्युबेनला दोन्ही रिकामे हात दाखवत होता. इतरांना पिशव्या मिळाल्या, ते निघूनही गेले. ल्युबेन थांब्यावर तसाच, एका हाताला बोयान, दुसऱ्या हाताला कालिना.

तो घरी पोचल्यावर माझा फोन वाजला.

"रुमेना, तू येतेस का जरा लवकर?"

"का?"

"आईचा पाय मुरगळलाय. म्हणजे, त्याचा काही संबंध नाही. पण मुलांना भूक लागलीय."

"मग घाल जेवायला."

"अगं घरात काही नाहीये."

"अंडी आहेत. टोमॅटो आहेत. भाजलेल्या मिरच्यांची बरणी आहे, तुझ्याच आईची. चीज आहे. मिश-मश कर. सगळं चिरायचं, परतायचं आणि वरून अंडी फोडायची."

"आधी काय घालायचं?"

मागे गोचेव साहेबांची खुर्ची करकरली. त्यांचे कान माझ्या फोनला चिकटले होते.

"ग्रुपवर लिहितोस की," मी म्हणाले. "तिथे बघ." आणि फोन ठेवला.

वरवर मी शांत होते.  बोयान पाच वर्षांचा. उपाशी राहिला की ओठ चावत बसतो, रडत नाही. मला तो ओठ डोळ्यांपुढे दिसत होता आणि फलकावर दोन मालगाड्यांचे दिवे. मी दोन्ही गाड्या सोडल्या, नोंद केली, आणि पर्सला हात लावला नाही. पाळी संपल्यावर गोचेव साहेब उठले. "जागा तुझी," ते म्हणाले, आणि आपणच मोठं काही दिल्यासारखी मान हलवून गेले.

घराच्या जिन्यातच करपलेला वास आला. स्ताम्नाकाकू दारात उभ्या होत्या. "आज काहीतरी खास शिजतंय वाटतं," त्या कौतुकाने म्हणाल्या. या बाईच्या नाकावर सुद्धा नवऱ्यांचं राज्य आहे.

स्वयंपाकघरात अंड्यांची टरफलं जमिनीवर, टोमॅटो भिंतीवर. ल्युबेनच्या अंगठ्याला चिंधी. दोन्ही मुलं टेबलाशी बसून खात होती. बोयानची ताटली चाटून पुसून लख्ख.

"आई," कालिना म्हणाली, "आज बाबांनी खरंच केलं."

खरंच. नऊ वर्षांच्या पोरीला सगळं ठाऊक होतं, महिनाभर. ल्युबेन खाली बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. मी एक घास खाल्ला. वरून करपलं, आतून ओलं, आणि मीठ इतकं की डोळ्यांत पाणी यावं.

"कसं झालंय?" त्याने विचारलं. अजून त्याला कौतुकच हवं होतं.

"तुझ्या आईने काय खाल्लं आज?"

त्याने अंगठ्याची चिंधी सारखी केली.

"पाय मुरगळलाय ना? चुलीपाशी उभं राहता येत नसेल. मग जेवली काय?"

 महिनाभर ती बाई याच्या घरातली पोटं भरत होती, आणि तिलाही पोट आहे हे याच्या डोक्यात आलं नव्हतं. मी गच्चीत जाऊन एक बरणी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. पातेल्यात उरलं होतं ते त्याने चमच्याने भरलं. जखमी अंगठा वर धरून झाकण लावलं. मग गाडीची किल्ली घेऊन तो गावाकडे गेला.

सकाळी सासूबाईंचा फोन आला. नेहमीप्रमाणे नमस्कार नाही, चौकशी नाही.

"हे कोणी केलं होतं?"

"ल्युबेनने, आई."



"मीठ फार आहे."

"हो."

"अंडी करपलीत. मिरच्यांची सालं पण काढली नाहीत मेल्याने. मी काय शिकवलं याला आजवर, काही नाही."

 ते मी त्यांना माझ्या तोंडून ऐकवलं नाही, एवढं मी त्यांचं देणं लागत होते.

"सगळं संपवलं मी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही. मग त्या खाकरल्या आणि पुन्हा पेना झाल्या. "त्याला सांग, बरणी धुऊन ठेवलीय."