मय्यांचे चिंचोके

म्हैसूरच्या प्राध्यापक पद्मनाभ मय्यांकडे जेवायला जायचं म्हणजे स्वतःला मोजून घ्यायला जायचं, हे भार्गवीने शशिधरला आधीच बजावलं होतं.

"अप्पांनी मानसशास्त्र शिकवण्यात जन्म घालवला. कागदावर माणसं स्वतःबद्दल थापा मारतात, म्हणून आता ते केळीच्या पानावर गुण मोजतात. तिखट मागितलंस की रजोगुण, पेंगलास की तमोगुण. सत्त्व भरलं नाही तर लग्न विसर!"

शशिधर गुरांचा डॉक्टर. त्याच्या रुग्णांनी सत्त्वाचा आव कधी आणला नव्हता, त्यामुळे सराव नव्हता.

मय्यांच्या पानाशेजारी तीन गुणांच्या तीन वाट्या आणि मुठीत चिंचोके. शशिधरने लोणच्याकडे नुसतं पाहिलं. रजाच्या वाटीत टप्प. कोशिंबीर घेतली; सत्त्वात टप्प. सारूचा, म्हणजे तिखट साराचा, भुरका जरा मोठा झाला, पुन्हा रज.

"अप्पा, जेवू द्या की त्याला!"

"विज्ञान चालू आहे," मय्या म्हणाले.

भार्गवी आणि तिची आई वनजाक्षम्मा ताक आणायला आत गेल्या. मय्यांना मधुमेह, गोडाची सक्त बंदी. पण हात म्हैसूरपाकाच्या ताटलीकडे गेला, तुकडा तोंडात विरघळला आणि मय्या छताचं निरीक्षण करू लागले.

"इथला तुकडा कुठे गेला?" वनजाक्षम्मांनी दारातूनच विचारलं. "अहो?"

मय्या छतच पाहत राहिले.

"मी खाल्ला, अम्मा," शशिधर म्हणाला. "राहवलं नाही."

"वाढायच्या आधीच?" भार्गवी कळवळली. "गुरांत राहून पार गूर झालास!"

मय्या पेचात पडले. मुलगा धडधडीत खोटं बोलला, म्हणजे तम. पण दुसऱ्याचा दोष अंगावर घेतला, हे तर निखळ सत्त्व. आणि सत्त्वात टाकायचं, तर कारण सांगणं आलं. चिंचोका बोटांत घामेजला.

"टाका ना," वनजाक्षम्मा म्हणाल्या. "विज्ञान का थांबलं?"

चिंचोका तमाच्या वाटीत पडला. शशिधरचा चेहरा उतरला.

"हा माझा," मय्या पुटपुटले. "मी खाल्ला." आणि उरलेली मूठ त्यांनी सत्त्वाच्या वाटीत रिकामी केली. "हे मुलाचे."

वनजाक्षम्मांनी ताटली उचलून शशिधरपुढे ठेवली.

"मिशीला लागलेलं तूप मला दारातूनच दिसलं होतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कधी कबूल होताय तेवढं बघत होते. आता पंचांग आणा. आणि संध्याकाळी फिरायला जास्त लांब जायचंय."