अर्धा कप

दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक जिथे भरायची, त्या दारावरून घड्याळजी तीनदा पुढे गेला. चौथ्यांदा बायकोचे शब्द आठवले, "आज गेला नाहीत, तर घरीही येऊ नका," आणि तो मुकाट्याने आत शिरला. आठ-दहा माणसं गोल बसली होती. कोणी ओळखीचं निघालं तर, या धास्तीने त्याचा जीव टांगणीला लागला.

चहा देणाऱ्या बाईंनी सगळ्यांना काठोकाठ कप दिले. त्याला मात्र अर्धाच.

घड्याळजीचं डोकं सणकलं. "का हो, माझ्याच वेळी किटली आटली? गुत्त्यावरसुद्धा कोणी असं मापात पाप केलं नाही!"

तो ताडकन उठला. हातातला कप बशीवर खडखडत होता. घड्याळातले केसाएवढे स्क्रू चिमट्याने बसवणारा तोच हात. आता चहा हिंदकळून काठापर्यंत चढत होता.

बाई हळूच म्हणाल्या, "नव्या माणसाला अर्धाच देतो, दादा. मला पहिल्या दिवशी भरलेला दिला होता. सगळा अंगावर सांडला. लाजेने पळाले, ती सहा वर्षांनी परत आले."

घड्याळजीने बशीत पाहिलं. थेंबही सांडला नव्हता.

तो खाली बसला.