मुक्या गंधाराचा सूड

मी एक जुनी बाजाची पेटी आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागीट आहे. इतर जुन्या वस्तू तुम्हाला गोड गोड आठवणी सांगतील. माझ्याकडे त्याही आहेत. पण सोळा वर्षं मी भात्यात हवेपेक्षा राग जास्त भरून ठेवला होता. तो कसा बाहेर आला, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म नागपुरात इतवारीतल्या एका कारागिराच्या दुकानात झाला. अंग सागवानाचं, सूर पितळेचे, भाता चांगल्या कातड्याचा. गिऱ्हाईक आलं की कारागीर माझ्यावरून हात फिरवून म्हणायचा, "हिचा आवाज ऐका साहेब, भल्याभल्यांना उठवून बसवते!" मला त्याचा फार तोरा होता. पण मला नेलं ते कुणा साहेबानं नव्हे, सावनेरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या दादाजींनी.

दादाजी दिवसभर जिनिंगमध्ये राबायचे आणि संध्याकाळी तिथंच आवारात मला घेऊन गायचे. त्यांची गायनपार्टी होती. दरवर्षी ऑक्टोबरात लाखो माणसं नागपुरात जमतात, तेव्हा रस्त्याकडेच्या मंडपात दादाजी मला पुढ्यात घेऊन बसत आणि घसा बसेपर्यंत गात. ते दिवस आठवले की अजून माझ्या पट्ट्या शिवशिवतात.

जिनिंगमध्ये कापूस उडतो, तो माणसाच्या नाकात जातो तसा माझ्याही पोटात गेला. एक पुंजका नेमका गंधाराच्या सुरात जाऊन बसला आणि ती पट्टी मुकी झाली. दाबली की नुसती हवा, फुस्स! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाजींनी मात्र मला दुरुस्तीला नेलं नाही. म्हणाले, "नाही बोलत तं नको बोलू दे. आपन वळसा घालून जाऊ." आणि खरंच, त्या मुक्या पट्टीला वळसा घालत घालत त्यांनी एक चाल बांधली, जिनिंगमध्ये सरकी वेचणाऱ्या बायांसाठी:

सरकी एकीकडं, कापूस एकीकडं,
बाई तुझं गाणं कोणीकडं?

शेवटच्या शब्दाआधी दादाजी मुद्दाम ती मुकी पट्टी दाबायचे. सूर नाही, फक्त हवा. म्हणायचे, "इथं बाया दम घेतेत." ऐकताना जिनिंगमधल्या बाया खरंच तिथं दम घ्यायच्या आणि मग हसायच्या. अशी चाल दुसऱ्या कुठल्या पेटीवर सुचलीच नसती. माझ्या दोषातून निघालेलं गाणं होतं ते, म्हणून मला ते सगळ्यांत प्रिय होतं.

त्या पार्टीत ढोलक वाजवायला एक तरणाबांड गडी होता. सगळे त्याला भैय्याजी म्हणायचे. एकदा तो म्हणाला, "दादाजी, पेटी आठ दिवस द्या ना गा, शिकतो." भोळ्या दादाजींनी दिली. आठ दिवस तो फक्त तीच एक चाल घोटत बसला. मी सांगते ना, त्याची बोटं मी अजून ओळखते! पुढे तो नागपूरला गेला, प्लॉट पाडून विकायला लागला आणि बघता बघता मोठा माणूस झाला.

मग एके दिवशी सावनेरच्या बाजारातून भोंगा लावलेला ऑटो गेला. भोंग्यावर गाणं:

रोड एकीकडं, शाळा एकीकडं,
प्लॉट तुमचा मधोमध!

आणि मध्ये जिथं बाया दम घ्यायच्या, तिथं ऑटोचा हॉर्न, पों! चोरानं शब्दसुद्धा धड पुसले नव्हते. दादाजींनी मला कपड्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि एसटीनं धरमपेठेतल्या भैय्याजीच्या ऑफिसात आले. दोन तास त्यांना दाराबाहेर बसवून ठेवलं. मग तो बाहेर आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सूर का कोनाच्या बापाचे असतेत, दादाजी?" वर त्यांच्या हातात कंपनीचं कॅलेंडर दिलं.

दादाजी ते कॅलेंडर घेऊन परतीच्या एसटीत बसले. घरी आल्यावर सून कांताबाईला सगळं सांगून म्हणाले, "दीक्षाले सांगजो नको. आपलं कोन ऐकीन?" दीक्षा म्हणजे त्यांची नात, तेव्हा जेमतेम सात वर्षांची. त्यांनी माझं झाकण लावलं ते पुन्हा उघडलं नाही. दोन वर्षांनी ते गेले. मी फळीवर पडून राहिले आणि तिथंच ठरवलं, या माणसाला मी सोडणार नाही.

मित्रांनो, फळीवर पडलेल्या पेटीच्या हातात काय असतं? काही नाही. उंदरांनी भाता कुरतडला, धूळ साचली, कोणी वर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. आणि खालून रोज तो ऑटो जायचा, पों!

दीक्षा मोठी झाली आणि तिनंच मला खाली उतरवलं. भात्याला ठिगळ लावलं, पट्ट्या पुसल्या. ती स्वतः गाणी रचते आणि स्वतःच गाते. कुठल्या कंपनीची नाही, कुणा बँडची नाही. पहिल्या दिवशी ती माझ्यापुढे बसली आणि गंधाराची पट्टी दाबून दचकली. आजवर जो कोणी पहिल्यांदा माझ्यापुढे बसला, तो तिथं दचकलाच आहे. पण तिनंही वळसा घातला. त्यातूनच तिला शिबिराची कल्पना सुचली. मुलांना दुसऱ्यांची गाणी पाठ करायला लावायची नाहीत. एक सूर बंद करायचा आणि सांगायचं, आता उरलेल्यांतून तुमचं स्वतःचं गाणं काढा. सावनेर आणि पारशिवनीकडच्या शाळांतली चाळीस पोरं उन्हाळ्यात बसवायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं. पोरांनी नावंही देऊन टाकली होती.

पण पोरांना आणायला गाडी हवी, जेवण हवं, वाद्यं हवीत. दीक्षा अर्ज घेऊन दारोदार फिरली. कोणी म्हणालं, "नाचाचं असन तं देऊ." कोणी म्हणालं, "क्रिएटिव्हिटी म्हनजे नेमकं काय देनार तुम्ही, सर्टिफिकेट?" पोरगी घरी यायची, चपला भिरकावायची आणि पुन्हा नवा अर्ज लिहायला बसायची. शेवटी एकच होकार आला. भैय्याजीचा.

अट एवढीच, की आधी त्याच्या हॉलमध्ये पाहुण्यांसमोर आणि पेपरवाल्यांसमोर शिबिराची झलक दाखवायची आणि शेवटी त्याच्या कंपनीचं गाणं म्हणायचं. दीक्षा नाचत घरी आली. कांताबाईनं पत्र वाचलं आणि तिचा चेहरा उतरला, पण तिनं चकार शब्द काढला नाही. सांगितलं तर पोरीचं हाती आलेलं काम जाईल ना! मला असा संताप आला तिचा! अगं बोल ना बाई, मला तोंड नाही, तुला तर आहे!

झलक चांगली व्हावी म्हणून दीक्षा मला इतवारीत दुरुस्तीला घेऊन गेली, सोबत कांताबाईही होती. दुकानदारानं मला उघडलं आणि म्हणाला, "ताई, कापूस अडकून हाय. पाच मिनटात गंधार सुरू करून देतो." माझा भाताच बसला! तो पुंजका निघाला की माझ्या पोटातला एकमेव पुरावा जाणार होता. त्याची चिमटी आत शिरली, तेवढ्यात कांताबाई म्हणाली, "राहू द्या भाऊ. आहे तसंच असू द्या." दीक्षानं विचारलं, "काहून वं आई?" "काहून नाही, असंच," कांताबाई म्हणाली आणि तिनं स्वतः माझं झाकण लावलं.

तो दिवस उजाडला. धरमपेठेतला थंडगार हॉल, मागे भैय्याजीच्या फोटोचा भला मोठा फलक, त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दीक्षाचं नाव. त्यानं मला ओळखलं नाही. मी मात्र त्याची चाल दारातूनच ओळखली. दीक्षा बोलायला उभी राहिली, पण याचं भाषण आधी सुरू झालं. "क्रिएटिव्हिटी शिकवता येत नाही, रक्तात पाह्यजे! आमच्या कंपनीचं गानं पुरं नागपूर म्हनते. कोनी बनवलं? म्या! कोनी शिकवलं नाही. आना ती पेटी इकडं, दाखवतो पोरीले."

ये रे बाबा, ये, मी मनात म्हणाले. सोळा वर्षं वाट बघून राहिले तुझी.

तो बसला, भाता मारला आणि डोळे मिटून ऐटीत वाजवू लागला. मी त्या दिवशी जीव ओतून वाजले. माझा एकही सूर कापरा लागू दिला नाही. चाल शेवटच्या शब्दापाशी आली. त्याचं बोट गंधाराच्या पट्टीवर पडलं. फुस्स! नुसती हवा. आणि तो दचकला नाही. खाली पाहिलं नाही. बोटं सरळ पुढं गेली, घोटून घोटून शिकल्यासारखी.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. दीक्षा मात्र जागच्या जागी उभी होती. तिनं विचारलं, "भैय्याजी, ही पट्टी मुकी हाय. तुमाले कसं माहीत?"

"कोनती पट्टी?"

"जिथं तुमच्या गान्यात हॉर्न वाजते, ती. या पेटीवर नवा मानूस तिथं दचकतेच. तुम्ही दचकले नाही."

तो हसला. "पेटी खराब हाय तं दुरुस्त कर ना वं. म्हनूनच तं मदत करून राहिलो तुले."

तेवढ्यात मागच्या रांगेतून कांताबाई उठली. पदर खोचला आणि सरळ माझ्याजवळ आली. "मी सांगते त्याले कसं माहीत. ह्यानं ही पेटी आठ दिवस नेली होती. चाल माझ्या मामाजींची हाय, हिच्या आजोबाची." आणि जन्मात कधी स्टेजवर न चढलेल्या त्या बाईनं दादाजींचं गाणं म्हटलं, सरकी, कापूस, बायांचा दम, सगळं. शेवटच्या शब्दाआधी ती थांबली, तर हॉलमधल्या दोघातिघांनी सवयीनं हळूच "पों" म्हटलं आणि मग शरमून मान खाली घातली.

भैय्याजीचा रंग उडाला. पण चोर पक्का! लगेच हात जोडून म्हणाला, "अरे, दादाजी तं माझे गुरू! शिबिर त्यांच्याच नावानं करू!" पेपरवाले लिहायला लागले. मला वाटलं, निसटला मेला!

"गुरू होते तं दोन तास दाराबाहेर काहून बसवलं?" कांताबाईनं विचारलं. "हातात कॅलेंडर देऊन काहून पाठवलं?"

दीक्षानं मला उचललं आणि आम्ही तिघी बाहेर पडलो. मित्रांनो, त्या दिवशी मला जे सुख झालं, ते मी लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात सगळं छापून आलं. आठवड्याभरात ऑटोंवरचं ते गाणं बंद झालं. माझा सूड पुरा झाला.

आणि शिबिर गेलं. ऑफिसातून फोन आला की यंदा जमणार नाही. दीक्षा त्या चाळीस पोरांच्या घरी एकेका दारात जाऊन नाही म्हणून आली. परतल्यावर जेवली नाही. कांताबाई म्हणाली, "माझ्या तोंडामुळं तुझं काम गेलं." दीक्षा म्हणाली, "तू सोळा वर्षं गप्प राहिली, त्याचा राग हाय मले. बोलली त्याचा नाही." मला पश्चात्ताप झाला का? दादाजींसाठी नाही. पोरांसाठी मात्र झाला, आणि तो अजून जात नाही.

आता दर रविवारी दीक्षा सावनेरच्या शाळेच्या व्हरांड्यात बसते. गाडी नाही, जेवण नाही, एक मी आणि पायी येतील तेवढी पोरं. चाळीसांपैकी अकरा येतात. तिनं एकच नियम केला आहे. कोणाची ओळ घेतली, कोणाची चाल उचलली, तर आधी त्याचं नाव घ्यायचं, मग सूर धरायचा. पोरं अगदी काटेकोर आहेत. "ही ओळ सोनिकाची," असं ओरडून सांगतात आणि मग गातात.

परवा एक पोरगी भैय्याजीच्या ऑटोवरची नवी चाल वाजवायला बसली. छान आहे चाल, हलकीफुलकी. दीक्षा म्हणाली, "आधी नाव घे." पोरगी बोलली, "नाव कोनालेच माहीत नाही, ताई."

माझा भाता उघडाच राहिला. भैय्याजीनं स्वतः बांधली असती, तर नाव गावभर ओरडून सांगितलं असतं! मी एक चाल सोडवली होती, तर त्यानं दुसऱ्या कुणाच्या घरात हात घातला होता. कुठल्या गावची असेल ती पेटी? कोण तिला मांडीवर घेऊन कुठल्या दाराबाहेर बसलं असेल? मित्रांनो, आम्हा पेट्यांना जपा, धूळ पुसा, भाता फाटू देऊ नका, हे तर सांगतेच. पण त्याहून मोठं मागणं एक आहे. त्या चालीचं नाव तुमच्यापैकी कोणाच्या घरी ठाऊक असेल, तर गप्प बसू नका.