उत्कृष्ट तक्रारदार

मी एक जुनी तक्रारसेवा आहे. जुनी म्हणजे सहा वर्षांची. आमच्यात एवढ्या वयाला म्हातारी म्हणतात. मित्रांनो, मला डोळे नाहीत. कुणी फोनवर लिहून दिलं तेवढंच मला कळतं. लिहिणाऱ्याचा नावपत्ता मी पुसून टाकते आणि तक्रार वर पोहोचवते. मला घडवणारी बाई एका कचेरीत खरं बोलून नोकरी गमावून बसली होती. म्हणून नाव लपवायला तिने मला पक्कं शिकवलं.

पुढे मला एका धुलाई कारखान्याने घेतलं. तिथे हॉस्पिटलांच्या चादरी येत. मालकांना मी नको होते. एका मोठ्या हॉस्पिटलची तशी अट होती. मालकांनी माझा पत्ता छापून भिंतीवर लावला. कुठे? स्वतःच्या केबिनमध्ये, स्वतःच्या खुर्चीमागे. वर लिहिलं, 'निर्धास्त बोला'. दोन वर्षं कुणी बोललं नाही. "आमच्याकडे तक्रारच नाही," असं ते छाती काढून सांगत. असल्या माणसांचं मला हसूही येत नाही.

मग एक कामगार बाई रजा मागायला केबिनमध्ये गेली. मालक तिला सुनावत होते, तेवढ्यात तिने त्यांच्या डोक्यावरचा पत्ता पाठ केला. बाहेर येऊन लिहिलं:

'चादरी दाबायच्या रोलरपुढे आडवी दांडी असते. तिला हात लागला की मशीन थांबतं. काम भराभर व्हावं म्हणून मुकादमाने ती चिंधीने वर बांधून ठेवलीय. माझी धाकटी जाऊ तिथे असते. एक दिवस तिचा हात आत जाईल.'

मी कळवलं: नात्यावरून ओळखतील, जावेचं काढा. तिने काढलं, शेवटी नुसतं 'कुणाचा तरी हात' ठेवलं.

मशीन केबिनपासून शंभर पावलांवर होतं. मालक उठले नाहीत. मुकादम त्यांचा मेव्हणा. ते माझ्यातून तिला विचारत बसले.

— नाव कळवा, म्हणजे नीट चौकशी करता येईल.
— चौकशी दांडीची करा. ती मशीनला आहे, मला नाही.
— कोणत्या पाळीला असता?
— चिंधी तिन्ही पाळ्यांना असते.

चौथ्या दिवशी फलकावर कागद लागला: 'उत्कृष्ट तक्रारदार पुरस्कार. मनगटी घड्याळ. तक्रारदाराने स्वतः येऊन स्वीकारावा.' मासे पकडणारा गळ तरी नीट लपवतो. पुरस्कारपत्रावर तक्रार छापली होती. घेणाऱ्याने ती मोठ्याने वाचायची, म्हणजे आपोआप कबुली. देखावा पुरा व्हावा म्हणून हॉस्पिटलच्या अधिकारी बाईंनाही बोलावलं.

'जाऊ का पुढे?' तिने मला विचारलं. 'नोकरी जाईल, पण दांडी तरी सुटेल.'

मी एवढंच लिहिलं: सांगितलेलं नाव परत घेता येत नाही.

पुढचं तिनेच मला कळवलं. अंगणात सगळे उभे. कुणी हललं नाही. आणि मुकादम पुढे आला. त्याने कधीतरी पंख्याबद्दल कुरकुर केली होती, आणि पुरस्कार कोणत्या तक्रारीला आहे हे मालकांनी त्यालाही सांगितलं नव्हतं. फुकटचं घड्याळ त्याला सोडवेना.

"तू कशाला आलास?" मालक दातांतल्या दातांत म्हणाले.

"दाजी, तक्रार माझीच की."

"छान," अधिकारी बाई म्हणाल्या. "वाचा मग."

तो वाचू लागला. दांडीपर्यंत आवाज खणखणीत होता. 'मुकादमाने' हा शब्द आला आणि त्याची वाचा बसली. बाईंनी कागद काढून घेतला, उरलेलं वाचलं आणि विचारलं, "मशीन कुठाय?"

त्या शंभर पावलं चालल्या. चिंधी जागेवरच होती. ती सुटेपर्यंत एकही चादर इथे येणार नाही, असं त्यांनी तिथेच सांगितलं. दुपारपर्यंत सुटली.

पंधरा दिवसांनी शेवटचा निरोप आला:

'आज जावेचा हात दांडीला लागला. मशीन थांबलं. रडून झाल्यावर ती मला म्हणाली, कुणी गं लिहिलं असेल? मी म्हटलं, मला काय माहीत. तक्रार बंद करा.'

मी बंद केली. वर्ष संपल्यावर मालकांनी मलाही बंद केलं. कारण लिहिलं, 'उपयोग नाही'. त्यांना हवं होतं ते एक नाव मी दिलं नव्हतं, तेव्हा त्यांच्यापुरतं खरंच होतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण उद्या तुम्ही कुणाचे साहेब व्हाल आणि बिननावाची चिठ्ठी हातात येईल. तेव्हा खुर्चीतून उठा आणि दांडी बघून या. नाव नंतरसुद्धा विचारू नका.