चाळीस पावलं

प्रियाला ते काम मिळालं त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले आणि घरी जाऊन जेवलो नाही.

काम तरी केवढं? पळसदरीच्या पुढच्या एका गावाच्या तळ्यावर लपण बांधायचं. आत दडून बसायचं आणि फटीतून पाखरं बघायची, एवढंच. पण त्या लपणासाठी मीही अर्ज केला होता. मी, योगेंद्र, कर्जतमध्ये तेवीस वर्षं आर्किटेक्ट. आणि प्रिया सात वर्षं माझ्याच हाताखाली जिने आणि बाथरूम काढत होती. पाखरांचं वेड तिला लावलं मी. तळ्याकाठी बसवून पहिला धडा दिला तोही मीच, "पाखरू बसेना, तर चूक पाखराची नसते, आपली असते." काम देणाऱ्या समितीपुढे तिने नेमकं हेच वाक्य म्हटलं आणि काम घेऊन गेली. गुरूची विद्या गुरूलाच!

माझंही एक लपण आहे, खालापूरच्या बाजूला. लोखंडी सांगाडा, वर पत्रा, समोर अख्खी काच. उद्घाटनाला लोक वा वा म्हणाले. पहिल्याच उन्हाळ्यात पत्रा असा कडाडायला लागला की बगळे पलीकडच्या काठाला गेले ते गेलेच. आता तिथे जोडपी सेल्फी काढतात. हे मी कुणाला सांगत नाही.

ऑक्टोबरात प्रिया नकाशा घेऊन माझ्याकडे आली. तळं तेव्हा काठोकाठ भरलेलं होतं.

"सर, तुमचं आजोळ तिथलं. एप्रिलपर्यंत पाणी किती मागे जातं हो?"

त्या तळ्यात मी पोहायला शिकलो. चाळीस पावलं मागे जातं, हे मी झोपेतही सांगितलं असतं.

"दहा," मी म्हणालो. "फार तर बारा."

तिने ते लिहून घेतलं, आभार मानले आणि वाकून नमस्कारही केला. मनात म्हटलं, बांध आता काठावर, एप्रिलमध्ये धुळीकडे बघत बस. त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवलो.

डिसेंबरात लपण उभं राहिलं. कारवीच्या काठ्यांचे कुड, शेणमातीने लिंपलेले. लिंपण चिमामावशीचं, ती वाडीवरची ठाकरीण, जन्मभर त्याच तळ्यात मासे धरलेली. रंग नाही, काच नाही. आत शिरायची वाट वळणाची, म्हणजे मागून उजेड येऊन आतल्या माणसाची आकृती फटीत उमटू नये. फटी तीन उंचींवर, सगळ्यात खालची पोरांसाठी. तळ्याच्या अंगाला दारच नव्हतं. खोट काढायला मी भोवती दोन चकरा मारल्या आणि एकही सापडली नाही. पोटात असं दुखलं की हातातला चहा प्यायला गेला नाही.

"टिटवी देखील समुद्र आटविते म्हणतात, ते खरं हं," मी सगळ्यांदेखत प्रियाला म्हणालो. सगळे हसले, तीही हसली. मनात म्हटलं, हस, आधी तळं आटू दे.

एप्रिलच्या मध्यावर, भर दुपारी, मोटारसायकल काढून गेलो. पाणी पार लांब गेलं होतं. लपण कोरड्या जमिनीवर एकटंच उभं. मला इतका आनंद झाला की हेल्मेट काढायचंही राहिलं. समितीच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर वाटेतच जुळवून ठेवला होता, 'लपण इथे, पाणी तिथे. अंतर...' तेवढा आकडा भरायचा होता. कुडाला पाठ लावून मी पाण्याच्या दिशेने निघालो. एक, दोन, तीन. दहाव्या पावलाला फोटो, विसाव्याला आणखी एक.

डोक्यावर एक टिटवी कलकलाट करत घिरट्या घालायला लागली. दोनदा अगदी हेल्मेटपर्यंत खाली आली.

"ओरड गं बाई," मी तिला म्हणालो, "समितीला पण ऐकू जाऊ दे."

एकतिसाव्या पावलाला बुटाखाली काहीतरी चुरडलं.

खाली बघितलं. मातकट, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, खड्यांत खडे दिसावेत तशी. त्यातलं एक फुटलेलं. बुटाच्या टोकाला पिवळं लागलं होतं.

"सर, पुढे जाऊ नका." आवाज कुडातून आला. प्रियाचा. "खाली बघत, आलात त्याच वाटेने परत या. आजूबाजूला आणखी दोन ठिकाणी अंडी आहेत. आणि लवकर या, ऊन लागतंय त्यांना. तुम्ही उभे आहात तोवर ती बसणार नाही."

आत माणूस असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. येणार कसं? बाहेरून आतलं माणूस दिसलं तर ते लपण कसलं!

एकतीस पावलं उलटी चाललो. हात दाखवून अवलक्षण. आत प्रिया होती, मांडीवर वही. शेजारी चिमामावशी. तिने माझ्या बुटाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"आटलेली जागा टिटवीची हाय," ती कुडाकडे बघतच म्हणाली. "दर सालाला तिथंच अंडी घालते ती. म्हून तर तिकडं दार नाय ठेवलं. मानसाचं तिकडं कामच नाय."

प्रियाने मला आपली जागा दिली, हातात दुर्बीण दिली. मी फटीला डोळे लावले. टिटवी बराच वेळ लांब उभी होती. मग चार पावलं चालली, थांबली, पुन्हा चालली. आणि उरलेल्या तीन अंड्यांवर पंख सैल सोडून बसली.

तेवीस वर्षांत माझ्या एकाही बांधकामासमोर पाखरू असं बसलं नव्हतं. बुटाला अंडं लागलेलं असतानाही मला प्रियाचा हेवाच वाटला. लाज त्याच्या मागून आली.

"पाणी चाळीस पावलं मागे जातं," मी म्हणालो. दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. काढली असती तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

"माहीत आहे, सर," प्रिया हळूच म्हणाली. "मावशींनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं."