ओडेराच्या उशाशी

ओडेराने सोलरसाठी नाव नोंदवलं तेव्हा तो जिवंत होता. सामान दारात आलं तेव्हा त्याला जाऊन दोन महिने झाले होते. एक पॅनेल, एक बॅटरीची पेटी, तीन बल्ब. त्याच्या बायकोने, आपोंडीने, ते सगळं चटईवर मांडून घेतलं आणि बराच वेळ नुसती बघत बसली. रॉकेलच्या चिमणीपाशी शाळेचे गणवेश शिवून शिवून तिचे डोळे अधू झाले होते. ते बघवेना म्हणूनच नवऱ्याने हा घाट घातला होता.

बसवायला आलेली नेकेसा परमुलखातली, बोलायला चटपटीत. तिने पत्र्याला शिडी लावली, एक पाय वर टाकला, तोच सासूबाई ओरडल्या, "उतर खाली! विधवेच्या छपरावर कुणी चढत नसतं."

"मग कधी चढायचं, आजी?"

"घरात पुन्हा पुरुष आला की."

आंब्याखाली बसलेला ओलांगो, ओडेराचा धाकटा भाऊ, मान खाली घालून हसला. गोगलगाय अन् पोटात पाय! भावाच्या विधवेला दिराने घरात घ्यायची ही त्या सरोवराकाठची रीत, आणि आपोंडी दोन महिने ती टाळत होती.

"वहिनी, तुम्ही फक्त हो म्हणा," तो म्हणाला. "उद्या मीच चढतो. दिवाही लागेल अन् संसारही."

आपोंडीच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या भावाने आणलेल्या दिव्याचं आमिष दाखवून हा तिलाच मागत होता! पण नाही म्हणावं तर पेटी आली तशी परत जाणार, आणि डोळे गेले की हातातलं शिवणही जाणार.

"छपरावरच लावावं लागतं का गं?" तिने नेकेसाला विचारलं.

"छप्पर कशाला? त्याला ऊन पाहिजे, ताई. दिवसभराचं. आणि गुरांचा धक्का लागायला नको."

अंगणात अशी जागा एकच होती. घराच्या उजव्या अंगाला, काटेरी कुंपण घातलेली, माती अजून पुरती न बसलेली ओडेराची कबर. आपोंडीने तिकडे बोट दाखवलं.

"त्याच्या उशाशी खांब रोवा."

ओलांगो ताडकन उठला. "मढ्यावर यंत्र? आई, ऐकतेस ना?"

सासूबाई काठी टेकत कबरीपाशी गेल्या. आता म्हातारी आकाशपाताळ एक करणार, असं आपोंडीला वाटलं. पोटचा पोर होता तो त्यांचा. त्यांनी मातीवरून हात फिरवला.

"इथे नको," त्या म्हणाल्या. "चारच्या सुमारास इथे आंब्याची सावली येते. जरा अलीकडे घ्या."

रोज दुपारी आपोंडी मशीनवर वाकलेली असायची, तेव्हा त्या तिथेच बसून असत. त्यांच्याइतकी ती सावली आणखी कोणाला ठाऊक असणार!

नेकेसाने खांब रोवला, वायर आत घेतली, आणि जाताना बजावलं, "आज दिवा लावायचा नाही हं. पेटीला आधी पोटभर ऊन खाऊ द्या. तिच्यावरचे चारही ठिपके हिरवे झाले की मगच बटण. घाई केलीत तर बॅटरी जन्माची अर्धपोटी राहील."

दुसऱ्या दिवशी सूर्य सरोवराला टेकता टेकता चौथा ठिपका हिरवा झाला. त्याच वेळी ओलांगो उत्तर ऐकायला आला. सासूबाईंनी दारात काठी आडवी धरली.

"घरात पुरुष हवा, असं तूच म्हणालीस ना?" तो म्हणाला.

आत आपोंडीने बटण दाबलं. उजेड थेट त्याच्या तोंडावर पडला.

"हवाच," सासूबाई म्हणाल्या. "पण तुझा भाऊ अजून घर चालवतोय, बाळा. तो दमला की तुला हाक मारीन."

ओलांगोने कबरीकडे पाहिलं. तिथल्या खांबाला हात लावायची त्याची छाती नव्हती. तो निघून गेला.

दोन महिन्यांपूर्वी आपोंडी रीतीप्रमाणे गावासमोर टाहो फोडून रडली होती. आता ती मशीनपाशी बसली आणि तिला हुंदका आवरेना. सासूबाई आत आल्या, तिच्या समोर बसल्या. त्यांनी तिला गप्प केलं नाही.

"रड, पोरी," त्या म्हणाल्या. "इतके दिवस अंधारात तुझं तोंडच दिसत नव्हतं मला."